टायरांची खांदशेकणी

माझ्या धाकट्या जावेच्या गाडीत आमची सासू झोपायची आणि माझ्या गाडीत झोपायची नाही. दुःख एवढंच होतं. घरात धान होतं, मुलगी सासरी सुखात होती, मुलगा नोकरीला लागला होता, गुडघेही तेव्हा दुखत नव्हते. तरी त्या एका गोष्टीपायी मी एक अख्खा उन्हाळा आणि अर्धा पावसाळा जळत काढला. जळता जळता जे केलं ते आठवलं की आज माझं मलाच हसू येतं. तेव्हाची ती बाई पंचावन्न वर्षांची होती. अजून आजी झाली नव्हती, म्हणून स्वतःला तरणी समजायची.

धाकटे दीर माजरीला कोळसा खाणीत. तिथेच क्वार्टर, दर महिन्याला नेमाने पगार, आणि दारात नवी गाडी. आमचे हे आलापल्लीला जंगल खात्यात ड्रायव्हर. सारी नोकरी सरकारी जीपमध्ये गेली. निवृत्त झाल्यावर आम्ही गावी परत आलो आणि एक जुनी पांढरी गाडी घेतली. सासूबाई आमच्याजवळ गावात राहायच्या. महिन्यातून आठ दिवस माजरीला जायच्या, ते दिरांच्या गाडीत. परत आल्या की लुगड्याचा पदर झटकत ओसरीवर बसायच्या आणि म्हणायच्या, "बसली तसा डोळाच लागला. पोटातलं पाणी हाललं नाई."

मी चहा ठेवता ठेवता हे ऐकायची. दिरांच्या गाडीत गाव सोडल्याबरोबर झोपणारी ही बुढी आमच्या गाडीत मात्र बाजारापर्यंत जाऊन येईतो डोळे टक्क उघडे ठेवून बसायची. मी विचारायची, "काऊन जी आत्याबाई, पडा न जराशा." ती म्हणायची, "राहू दे. बरी हाय."

बरी हाय. हे दोन शब्द मला सुईसारखे टोचायचे.

जावेने एकदा बोलता बोलता कारणही सांगून टाकलं. तिने काही खोड काढली नव्हती, ती बिचारी सगळंच सांगायची. "बाई, आम्ही टायर बदलवले न. चांगल्या कंपनीचे टाकले चारही. आवाजच नाई येत. आत्याबाई तं लहान लेकरासारख्या झोपतात." असं म्हणून तिने टायरवर तळवा असा ठेवला, जसा घरच्या म्हशीच्या पाठीवर ठेवतात. काळेभोर टायर, त्यावर अजून रबराचे बारीक केस उभे. आमच्या गाडीचे टायर त्या वेळी टक्कल पडलेले. मी हसून म्हटलं, "छान हाय." त्या रात्री मी जेवले नाही. उपास आहे म्हणून सांगितलं. मंगळवार होता, खपून गेलं.

दुसऱ्या दिवसापासून मी यांच्या मागे लागले. टायर बदलायचे होतेच, त्यात वाद नव्हता. यांचं म्हणणं असं की आता दोन चांगले घेऊ, मागच्या चाकांना टाकू, आणि उरलेले दोन दिवाळीनंतर. चाळीस वर्षं स्टेअरिंग धरलेला माणूस बोलत होता. पण माझ्या डोळ्यांपुढे जावेच्या गाडीची चार सारखी चाकं. दोन नवे आणि दोन जुने म्हणजे एका पायात नवी चप्पल आणि दुसऱ्यात जुनी. ती अंगणात येऊन बघणार, आणि काही न बोलता नुसतं बघणार.

"चारही पायजे," मी म्हटलं.

"चार चांगले आता नाई जमत."

"मंग स्वस्तातले चार."

आम्ही चंद्रपूरला गेलो. मूल रोडवर टायरचं दुकान. तेव्हा चिनी टायर सगळ्या दुकानांत ढिगाने मिळायचे, आता तेवढे दिसत नाहीत. एका भिंतीला नावाजलेल्या कंपन्यांचे रांगेत उभे केलेले, प्रत्येकाला कागद गुंडाळलेला. दुसऱ्या भिंतीला चिनी, एकावर एक रचलेले. नाव असं की दुकानदाराची जीभही दर वेळी वेगळीकडे वळायची. एका चांगल्या टायरच्या पैशात जवळपास दोन चिनी येत होते. मला हिशेब तिथेच पटला.

यांनी चांगल्या टायरच्या रबरात अंगठ्याचं नख दाबलं. जरासं रुतलं. मग चिनी टायरमध्ये दाबलं. रुतलं नाही. "पाह्य," हे म्हणाले, "रबर कडक हाय. कडक रबर ओल्या रस्त्याले धरत नाई."

आता माझी तेव्हाची अक्कल बघा. मला वाटलं कडक म्हणजे मजबूत. मी आयुष्यभर बाजारात मडकं घेताना बोटाने वाजवून घेतलेलं. मी वाकले आणि टायर वाजवला. एक वाजवला, दुसरा वाजवला, कान जवळ नेऊन ऐकलं. दुकानात एक गिऱ्हाईक चहा पीत होतं, ते चहा विसरलं. मी चिनी टायरकडे बोट दाखवून म्हटलं, "हे पक्के हाय. आवाज भरीव हाय."

दुकानदार चांगला माणूस. हसला नाही. म्हणाला, "बाई, गोल तं दोन्ही हाय. सुक्या रस्त्यावर, हळू चालवान तं तुम्हाले फरक नाई समजाचा. झिजतीन पण लवकर नाई. पाऊस पडला का मंग समजते."

"पावसात आम्ही कुठी जातो जी," मी म्हटलं. जिथे जूनपासून सप्टेंबरपर्यंत घरातले पापडही सर्द होतात, त्या मुलखातली बाई हे बोलत होती.

आमचे हे टायरवरचे बारीक आकडे वाचायला लागले. टायर कोणत्या वर्षी, वर्षाच्या कितव्या आठवड्यात बनला, ते त्यावर लिहिलेलं असतं. त्यांनी सांगितलं की हे टायर बनून बरेच दिवस झाले आहेत, जहाजातून येता येताच जुने झाले. मी म्हटलं, तांदूळही जुनाच चांगला लागतो. यावर यांनी आकडे वाचणं सोडलं आणि पाकीट काढलं.

चारही टायर लागले. घरी आल्यावर मी चारी बाजूंनी गाडी पाहिली. काळी, सारखी, केसाळ चाकं. त्या आठवड्यात मी उगाचच गाडी घराच्या सावलीतून काढून रस्त्याच्या कडेला उभी करायला लावत होते.

आणि खोटं कशाला बोलू, उन्हाळाभर ते टायर छान चालले. आमच्याकडे उन्हात डांबर मऊ होतं, चपलेला चिकटतं. त्यात या टायरांनी एकदाही दगा दिला नाही. हे सुद्धा एकदा म्हणाले, "ठीक हाय." मी ते 'ठीक हाय' सगळ्या गल्लीत सांगून आले.

फक्त एक गोष्ट होती. गाडीने जरा वेग धरला की खालून घूंऽऽ असा आवाज यायचा. लांबून पिठाची गिरणी चालू असावी तसा. सासूबाईंना घेऊन पहिल्यांदा मूलपर्यंत गेलो. मी मागे त्यांच्या शेजारी बसले होते, समोर रस्त्याकडे बघण्याऐवजी त्यांच्या पापण्यांकडे बघत. पापण्या ढिम्म. परतीला मी विचारलंच.

"आत्याबाई, आता तं नवे टायर हाय. झोप नाई लागली?"

"चाक गाऊन राह्यलं न. त्याले सोडून मी कशी झोपू?"

समोरून यांच्या खांद्यांना हसू आलेलं दिसलं. मग मी इलाज सुरू केले. सीटखाली जुनी वाकळ कोंबली. त्यांच्या मानेमागे उशी दिली. एकदा कानात घालायला कापूसही दिला. त्यांनी तो कापूस हातात घेतला, बघितला, वाती वळल्या आणि देवाजवळ ठेवल्या.

मग पाऊस लागला आणि मी माझी परीक्षा घेतली. मला खात्री करून घ्यायची होती की जावेच्या टायरांत एवढं काय सोनं आहे. गावात ग्रामपंचायतीने नवा सिमेंटचा रस्ता केला होता. ओला झाला की चकाकायचा. मी यांना सांगितलं, हापशीपाशी आलात की ब्रेक मारा. गाडी कुठे थांबते ते मी हापशीपासून पावलांनी मोजते. हे म्हणाले, "तुले वेड लागलं काय?" पण मारला. पुढच्या रविवारी दीर आले, तर त्यांनाही काहीतरी सांगून तिथेच ब्रेक मारायला लावला. हापशीखाली कोंबडी बसली आहे असं सांगितलं, असं आठवतं.

मोजताना मी लबाडी केली. आपल्या गाडीसाठी टांग टाकली, चिखलातून चालताना टाकतात तशी लांब. त्यांच्या गाडीसाठी नव्या नवरीची पावलं टाकली, टाचेला टाच लावून. म्हणजे आपला आकडा कमी यावा आणि त्यांचा जास्त. एवढं करूनही आपलीच गाडी पुढे जाऊन थांबलेली निघाली. तीन पावलं पुढे. सरळ मोजलं असतं तर किती निघालं असतं, ते मी आजपर्यंत स्वतःला विचारलेलं नाही. हे गाडीला टेकून बघत होते. म्हणाले, "पाऊल जरा आणखी लांब टाक. तिथी नाल्यापर्यंत पोचशील."

यांनी त्या दिवसापासून एक केलं. पाऊस असला की पुढच्या गाडीपासून दुप्पट अंतर ठेवायचे आणि उतारावर आधीच वेग कमी करायचे. मला त्याचं काहीच वाटलं नाही. मला झोंबत होतं ते वेगळंच. चकाकी. पावसाच्या चिखलाने दोन महिन्यांत आमचे टायर राखाडी पडले होते. जावेचे मात्र दर वेळी नवे दिसायचे. ती त्यांना कसलंतरी दुकानातलं पॉलिश लावायची, हे मला फार पुढे कळलं.

आणि पोळा आला.

आमच्या घरचे बैल विकून तेव्हा चार वर्षं झाली होती. बैल गेले, पण बुढीचा पोळा गेला नव्हता. तिच्या भावाकडे, पंधरा किलोमीटरवर, अजून एक जोडी होती. दर पोळ्याला ती सकाळी पुरणाची पोळी घेऊन तिथे जायची, बैलांचे पाय धुवायची, नैवेद्य द्यायची आणि मग जेवायची. त्या वर्षी दीर-जाऊ पोळ्याला गावी आले होते. म्हणजे अंगणात दोन गाड्या. आणि बुढी कोणत्या गाडीत बसणार हा प्रश्न, निदान माझ्यापुरता, साऱ्या गावापुढे उभा होता.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांची खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला हळद आणि तूप लावून, पळसाच्या पानाने शेकतात, आणि त्याला जेवणाचं आवतन देतात. शेजारी सगळीकडे तेच चाललं होतं. हळदीचा वास, घुंगरांचा आवाज. आमचं अंगण रिकामं, मधे फक्त ती पांढरी गाडी, राखाडी चाकांवर उभी. शेजारच्या भिंतीजवळ जावेची गाडी, काळीकुळकुळीत.

मी स्वयंपाकघरात गेले आणि टोरीच्या तेलाची बाटली आणली. टोरी म्हणजे मोहाची बी. तिचं तेल पावसाळ्यात तुपासारखं थिजतं, वास उग्र. आमच्याकडे पूर्वी दिव्यात घालत, बैलबंडीच्या आसाला लावत, फुटलेल्या टाचांना चोळत. ज्याने बंडीचं चाक चालतं, ते गाडीच्या चाकाला चालणार नाही का? मी पळसाचं पान घेतलं, तेलात चिमूटभर हळद घातली आणि टायर चोळायला बसले. बाजूने चोळलं, मग वाटलं, अर्धवट कशाला. जो भाग रस्त्याला लागतो त्यालाही चोळलं. बोटांनी खाचांमध्ये घातलं. पानाने शेकल्यासारखं केलं. गाडी जराशी पुढे ढकलून खालचा राहिलेला भागही लावला. हळद फडक्याने पुसली, काळा रंग असा उजळला की मी स्वतःच खूश झाले.

ओसरीवरून बुढी सगळं बघत होती. तंबाखू मळता मळता म्हणाली, "झालं शेकून?"

"झालं जी."

"मंग आवतन दे. उपाशी नको ठेवू पाहुण्याले."

मला वाटलं ती कौतुक करते आहे. मी खरंच पुढच्या चाकाजवळ वाकले आणि म्हटलं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. पंचावन्न वर्षांची बाई, चिनी टायरला.

सकाळी झिमझिम होती. हे गाडीजवळ आले आणि नाक वर केलं. "टोरीचा वास कुठून येऊन राह्यला?"

"आत्याबाईंच्या टाचांले लावलं," मी म्हटलं.

बुढीने स्वतःच्या टाचांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पाय लुगड्याखाली ओढून घेतले. यांनी चपलेच्या टोकाने एक टायर ठोकून हवा बघितली. चप्पल सटकली. यांना शंका आली असणार, पण भाऊ आणि भावजय समोर उभे होते, तिथे बायकोची उलटतपासणी घ्यायची नाही एवढी सभ्यता त्यांच्यात होती.

जाऊ म्हणाली, "आत्याबाई, इकडं बसा. पुढच्या सीटवर टॉवेल टाकला मी."

मी हातातलं नैवेद्याचं ताट ओसरीवर ठेवलं.

बुढी म्हणाली, "आज हिच्या गाडीत. हिनं रातच्याले आवतन देलं, मंग जेवाले तं नेलं पायजे." आणि आमच्या गाडीचं दार उघडून बसली.

मला त्या क्षणी एवढा आनंद झाला की नैवेद्याचं ताट मी उचललंच नाही, ते परत जाऊन आणावं लागलं. मी मागे, बुढी माझ्या शेजारी, हे स्टेअरिंगवर. दीर-जाऊ त्यांच्या गाडीत आमच्या मागे. मी मनात देवाला म्हणत होते, आज डोळा लागू दे. फार नाही, नाल्यापर्यंत तरी.

गाव संपतं तिथे सिमेंटचा उतार आहे. दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, पाण्याने भरलेल्या, आणि खाली नाला. पोळ्याच्या सकाळी सगळे आपले बैल नाल्यावर धुवायला नेतात. आम्ही उतारावर आलो तर खालून एक जोडी वर येत होती, अंगावरून पाणी निथळत, शिंगं नुकतीच रंगवलेली. मधोमध. यांनी लांबूनच ब्रेक दाबला. हळूहळू, जसा दाबायचा तसा.

गाडीला काही कळलंच नाही. ती चाललीच होती. आवाजही नाही, घूं पण नाही. साबणाच्या वडीसारखी सरकत गेली, थोडी तिरपी होऊन. मला समोर बैलाची रंगवलेली शिंगं मोठी मोठी होताना दिसली. यांनी एकदा ब्रेक सोडला, स्टेअरिंग वळवलं आणि गाडी रस्त्यावरून अलगद बांधीत उतरवली. दोन चाकं चिखलात, दोन रस्त्याच्या कडेला. बैल जागच्या जागी उभे. कोणाला खरचटलंही नाही. ताटातली पोळी माझ्या मांडीवर.

मी बुढीकडे पाहिलं. डोळे उघडे होते.

मागे जावेची गाडी होती. तीही त्याच उतारावर, त्याच पावसात. ती थांबली. नुसती थांबली, जशी कोणी हात वर केल्यावर एसटी थांबते. मी मागच्या काचेतून ते बघितलं. घाबरले होते, आणि तरी मनात पहिली गोष्ट आली ती हीच, की बघ, कशी थांबली मेली.

हे खाली उतरले. चाकावर बोट फिरवलं, नाकाशी नेलं. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "टाचांले लावलं होतं न?"

लोक जमले. गावात पंचवीस-तीस जोड्या, बहुतेक त्या वेळी तिथेच, नाल्यावर. एका जोडीने दोन मिनिटांत गाडी बाहेर ओढली असती. ज्यांचे बैल वाटेत आले होते तेच म्हणाले, "भाऊ, दुसऱ्या कोण्या दिवशी म्हटलं असतं तं लगेच जुंपले असते. आज जू नाई ठेवत खांद्यावर." खरंच होतं. पोळ्याच्या दिवशी बैलाला कामाला लावत नाहीत. कोणीतरी ट्रॅक्टरचं नाव काढलं. ट्रॅक्टरवाल्याने सांगितलं की त्यालाही हार घातला आहे, पूजा झाली आहे, आज तोही सुट्टीवर. तीस जोड्या बैल, धुतलेले, सजलेले, आमच्या गाडीकडे शांतपणे बघत उभे. आणि एकही ओढणार नाही.

उरली एकच गाडी.

कोणीतरी पोळ्यासाठी आणलेला बैलाचा नवा नाडा, जाड दोर, दिला. दिरांनी तो आपल्या गाडीला बांधला, आमच्या गाडीला बांधला. चढावर उलटं मागे जाताना, ओल्या सिमेंटवर त्यांच्या टायरांनी जरासं कुरकुरल्यासारखं केलं आणि पाय रोवले. एकदाही गरकन फिरले नाहीत. आमची गाडी चिखलातून पचकन निघाली. जाऊ छत्री धरून उभी होती. ती हसली असती तर मला भांडायला बरं झालं असतं. ती माझ्याजवळ आली आणि छत्री माझ्या डोक्यावर धरली.

हे म्हणाले, "मी चाकं धुतो सोड्यानं, राखेनं. वास जाईपर्यंत धुतो. तुम्ही निघा. बैल पोळ्याच्या तोरणाखाली जायच्या आधी पोचा."

म्हणून बुढी शेवटी जावेच्याच गाडीत बसली आणि तिच्या शेजारी मी. पहिल्यांदाच त्या गाडीत लांब चालले होते. आणि खरं सांगायचं तर आवाज खरंच नव्हता. पावसाचा टपटप आवाज ऐकू येत होता, बाहेर एक पक्षी ओरडला तो ऐकू आला. नाल्याच्या पुलावर साचलेल्या पाण्यातून गाडी गेली, स्टेअरिंग दिरांच्या हातात हललंही नाही. मी सीटवर बसून त्या टायरांवर जळत होते आणि त्याच टायरांवर सुखाने बसलेही होते.

बुढीने पुलानंतर थोड्या वेळाने डोळे मिटले. डोकं मागे टेकलं. जाऊ समोरून हळू आवाजात म्हणाली, "बघा, लागली झोप." आणि बोलायची थांबली. ती गाडी सुटल्यापासून बोलत होती. क्वार्टरच्या नळाचं, शेजारणीच्या सुनेचं, मुलाच्या क्लासचं.

मी बुढीच्या तोंडाकडे बघत राहिले. गालात तंबाखू होती. ती चघळत होती. बारीक, एका लयीत. झोपलेलं माणूस तंबाखू चघळत नाही.

भावाच्या घरी बैलांचे पाय धुऊन झाल्यावर मी तिला गोठ्यात एकटीला गाठलं. "आत्याबाई, तुम्ही झोपल्याच नव्हत्या."

"हळू बोल," ती म्हणाली. बाहेर बघितलं. "तिचं तोंड एकदा चालू झालं का माजरी येईतो बंद नाई होत. पोरगी चांगली हाय, गप बस कशी म्हणू? डोळे मिटले का आपोआपच थांबते."

"म्हणजे टायरचं काही नाई?"

"टायर चांगले हाय तिचे. तुझे नाई," बुढी म्हणाली आणि नैवेद्याचं रिकामं पान गोठ्यातल्या गाईच्या तोंडात दिलं.

दुपारनंतर हे धुतलेल्या चाकांची गाडी घेऊन आले, वीसच्या वेगाने. परतीला बुढी आमच्या गाडीत बसली. मी काय करावं? झोपेचं कोडं सुटलं होतं, मी हलकी झाले होते. मी बोलायला लागले. जावेचं, टायरांचं, नाड्याचं, उताराचं, तिच्या छत्रीचं. दोन किलोमीटरही झाले नसतील, बुढी म्हणाली, "गप बस जराशी. चाकापेक्षा तूच जास्त घुमते."

मी गप बसले. आणि खिडकीबाहेर बघता बघता मला नव्याने जळायला कारण सापडलं. जावेसाठी तिने डोळे मिटायचा त्रास घेतला. सोंग केलं, दर महिन्याला, तिला वाईट वाटू नये म्हणून. माझ्यासाठी काय? गप बस. तेवढंच.

ते चिनी टायर आम्ही पुढे अजून पाऊण वर्ष वापरले. तेल लागलेल्या बाजूंना बारीक चिरा पडल्या, एकाला फोड आला. यांचं मत होतं की टायर तसे वाईट नव्हते. कोरड्या रस्त्याला, हळू चालवणाऱ्याला ठीक होते. पावसात कमी पडत होते, तेवढं सांभाळलं असतं तर निघाले असते. पण टोरीच्या तेलात कोणताच टायर निघत नाही, मग तो कुठेही बनलेला असो. चंद्रपूरच्या त्याच दुकानातून मग चार चांगले आणले. दुकानदाराने मला विचारलं, "बाई, वाजवून पाह्यता?" घूं गेलं. बुढी त्याही टायरांवर कधी झोपली नाही. शेवटपर्यंत आमच्या गाडीत डोळे उघडे ठेवून बसायची आणि मी काही बोलायला लागले की दोन वाक्यांत थांबवायची.

तिला जाऊन आता सहा वर्षं झाली. गेल्या महिन्यात जावेच्या मुलीकडे आम्ही दोघी गेलो, जावेच्याच गाडीत. ती नेहमीसारखी बोलत होती आणि एकदम थांबली. म्हणाली, "बाई, एक विचारू? आत्याबाई माझ्या गाडीत बसल्या का झोपून जायच्या. माझ्याशी दोन शब्द बोलायच्या नाई. तुमच्या गाडीत मात्र येता-जाता जाग्या असायच्या. मले लय वाईट वाटायचं. रातभर जळत राहायची मी. काय बोलायच्या हो तुमच्याशी एवढं?"

मी तिला खरं सांगू शकले असते. एका वाक्यात तिचं दुःख गेलं असतं.

"काय सांगू," मी म्हटलं. "मनातलं सगळं बोलायच्या माझ्यापाशी. थांबायच्याच नाई."

तिचा चेहरा उतरला. मी तो घर येईपर्यंत बघत राहिले.